माझ्यानंतरचा पहारा

त्या दिवशी चार वाजून गेले तरी आबा आले नाहीत, आणि मी मनातल्या मनात हसत होते. आमच्या मंदिरात कार्तिकातला सप्ताह चालू होता. सप्ताह बसला की पहिल्या दिवशी वीणेची पूजा होते, ती कोणाच्या तरी गळ्यात घालतात, आणि मग काल्याच्या कीर्तनापर्यंत ती जमिनीला टेकत नाही. कोणी ना कोणी ती गळ्यात अडकवून, तार छेडत, नाम घेत देवापुढे उभं असतं. या उभं राहण्याला पहारा म्हणतात. दुपारचा पहारा माझा होता आणि चारनंतरचा आबांचा. आबा म्हणजे नारायण आबा, सगळी चिखली त्यांना कंडक्टर आबा म्हणायची. जन्मभर एसटीत काढलेला माणूस, वेळेला पक्का. माझ्या माहितीत त्यांनी एकदाच उशीर केला होता, दोन वर्षांपूर्वी, याच सप्ताहात, तोही मुद्दाम आणि माझ्यासाठी. म्हणून मला वाटलं, आजही म्हाताऱ्याची काहीतरी गंमत चाललीय... पायरीच्या आड उभे राहून बघत असतील, पोरगी वीणा खाली ठेवते का.

तेवढ्यात प्रज्ञा आली. प्रज्ञा माझी खोलीतली मैत्रीण. तिने चपला काढल्या त्या एक इकडे, एक तिकडे, पायरीवर उलट्या पडल्या. त्या पाहूनच मला काहीतरी झाल्याचं कळलं, कारण या मंदिरात तशा चपला कोणीच काढत नाही. ती खांबाला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "कोमल, आबा गेले." जेवण झालं होतं, पाय धुतले होते, टोपी घालून ते पहाऱ्याला निघायचे म्हणून ओसरीवरच्या खुर्चीत जरा टेकले. सून पाणी घेऊन आली तर त्यांची मान एका बाजूला कललेली... दिवस मावळायच्या आत नेणार, असंही ती म्हणाली. सुनेजवळ कोणी नाही म्हणून ती तशीच परत धावली.

आणि मी उभी राहिले. माझं बोट तारेवर चालूच होतं. आबांचं घर मंदिरापासून दोन गल्ल्या पलीकडे आहे, मनात आलं तर पळत जाऊन पाहून येता आलं असतं. पण वीणा खाली ठेवता येत नाही, आणि ती ज्यांच्या गळ्यात घालायची तेच गेले होते. जो तो त्यांच्या घराकडे धावला असणार, मंदिराकडे कोण कशाला येईल? दिवस तर डोळ्यांदेखत खाली चालला होता. मला आबांना एकदा पाहायचं होतं. एवढंच पाहिजे होतं आणि तेवढंच माझ्या हातात नव्हतं.

मी असं काही पहिल्यांदाच लिहिते आहे, त्यामुळे मागचं-पुढचं नीट जुळवता येईल की नाही, माहीत नाही. पण आबा कोण होते हे सांगायचं तर मला दोन वर्षं मागे जावं लागेल.

आमचं गाव मेहकर रस्त्यावर, हिवरा आश्रमाच्या पुढे आत वळून. घरी वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, असा भाजीपाला. बाबा आठवडी बाजार करतात. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिली. चिखलीच्या कॉलेजात विज्ञान शाखेला प्रवेश घेतला तेव्हा बाबांनी बाजारात ओळखीच्या-अनोळखी सगळ्यांना सांगितलं, आणि वांगी घ्यायला आलेल्या बायांनाही सोडलं नाही. प्रज्ञा आणि मी मिळून एक खोली घेतली. खोली एवढी लहान की एकीने पुस्तक उघडलं की दुसरीने पाय आखडायचे. मंदिर शोधून काढलं ते प्रज्ञानेच. प्रज्ञा बौद्ध घरातली, तिला देवाशी काही काम नव्हतं, पण सभामंडपात पंखा होता, उजेड होता, शांतता होती. पहिल्या दिवशी आम्ही दबकत पायरीवर उभ्या राहिलो. आतून पांढरी टोपी, पांढरा सदरा घातलेले एक उंच आजोबा आले आणि आमच्या तोंडाकडे न बघता पायांकडे बघून म्हणाले, "चपला?"

प्रज्ञा घाबरून म्हणाली, "आबा, आम्ही फक्त अभ्यासाला आलो. मी... म्हणजे आम्ही बौद्ध आहोत."

"मंग बौद्धाच्या चपला आडव्या ठेवतात काय?" आबा म्हणाले. "देवाले नमस्कार करा लागत नाई इथं, कोणी पाहत नाई. चपला मात्र रांगेत लावा. आत सरका, जागा हाय."

हे "आत सरका, जागा हाय" त्यांच्या तोंडात कायम बसलेलं होतं. मंडप भरून पोरं बसलेली असली आणि दारात नवीन कोणी घुटमळताना दिसलं की त्यांचा आवाज यायचा. संध्याकाळी आरती व्हायची. अभ्यासाला आलेली पोरं पुस्तकं मिटून उभी राहायची, ज्याला म्हणायची तो म्हणायचा, प्रज्ञासारखे काही जण नुसते उभे राहायचे. आरती झाली की आबा प्रसादाची वाटी हातात घ्यायचे, पण वाटायचे नाहीत. सगळ्यांवरून एकदा नजर फिरवून विचारायचे, "कोणाचं काही राह्यलं काय?" गाडीत दोन रांगांमधून मागे मागे येत तिकिटाला विचारावं, अगदी त्याच सुरात. ज्याचं काही अडलं असेल त्याने सांगायचं. गणित, फॉर्म, घरचा फोन, घरमालकाशी भांडण, काहीही. ते ऐकून, त्याचं काय करायचं ते ठरवूनच मग खडीसाखर हातावर पडायची. एकदा एक मोठा मुलगा कंटाळून म्हणाला, "आबा, कोणाचं नाई राह्यलं, द्या लवकर, भूक लागली." आबा म्हणाले, "भरल्या गाडीत एक तरी बिनतिकिटाचा असतेच. सांगत नाई, एवढंच."

तो बिनतिकिटाचा प्रवासी म्हणजे मी होते, हे तेव्हा त्यांना कळलं होतं की नाही, मला आजही सांगता येणार नाही. वर्गात सगळं इंग्रजीत चालायचं. सर फळ्यावर लिहायचे ते मी उतरवून घ्यायचे, पण खोलीवर येऊन वाचलं की वहीत कोणी दुसऱ्यानेच लिहून ठेवल्यासारखं वाटायचं. विचारायला तोंड उघडावं तर आपली बोली ऐकून मागचा बाक हसेल ही भीती. एकदा "सर, हे मले..." एवढंच निघालं आणि मी खाली बसले. दिवाळीच्या आधी चाचणीचे पेपर मिळाले, त्यात भौतिकशास्त्राचा पेपर मी घडी करून दप्तराच्या तळाशी घातला. सुटीत घरी गेले तेव्हा आईला बोलून दाखवलं. आई मेथीच्या जुड्या बांधत होती. ती म्हणाली, "नाई झेपत त ये बाई घरी. त्यात काय." बाबा नुसतं पाणी प्यायले. घरच्यांनी अडवलं असतं, रागावले असते तर मी भांडले असते, जिद्दीने परत गेले असते. पण अडवणारं कोणीच नव्हतं. दार सताड उघडं होतं आणि मला त्या उघड्या दाराचीच जास्त भीती वाटली.

दिवाळीहून परत आले ती सामान आवरायलाच. प्रज्ञा अजून घरीच होती, तिच्यासाठी चिठ्ठीसुद्धा ठेवली नाही. पिशवी घेऊन स्टँडकडे निघाले आणि वाटेत मंदिर लागलं, म्हणून आबांना सांगून जावं असं मनात आलं. सप्ताह बसला होता. आत आबा एकटेच वीणा घेऊन उभे होते. सोयाबीनचे दिवस, मार्केटात लिलाव चालू, दुपारच्या पहाऱ्याला माणूस मिळेना, म्हणून ते सकाळपासून आपला आणि दुसऱ्यांचा पहारा मिळून उभेच होते. पायावर सूज दिसत होती. मी खाली मान घालून म्हणाले, "आबा, मी जाते. कॉलेज सोडलं."

त्यांनी कारण विचारलं नाही. विचारलं, "कितीची गाडी?"

"साडेचारची. मेहकर."

"मंग साडेचार वाजेलोक स्टँडवर माशा मारतं काय? पिशवी ठेव तिकडं. पाय धुवून ये."

मी पाय धुऊन आले तर ते वीणेचा पट्टा डोक्यावरून काढत होते. मला काय चाललंय ते कळलं आणि मी म्हणाले, "आबा, मी पोरगी आहे."

"मले दिसते," आबा म्हणाले आणि वीणा माझ्या गळ्यात घातली. पट्टा आवळून दिला. तार कोणत्या बोटाने छेडायची ते दाखवलं. "बसाचं नाई. टेकाचं नाई. खाली त ठेवाचीच नाई. चार वाजता मी येतो." आणि लंगडत निघून गेले.

सुरुवातीला मी नुसती घाबरलेली होते, कोणी येऊन काही बोललं तर... मग खांदा दुखायला लागला. मग तेही मागे पडलं. समोर देव, बाहेर रस्त्यावर कापसाच्या गाड्यांचा आवाज, आणि हातात एकच काम, ते म्हणजे हे खाली ठेवायचं नाही. त्यात पास-नापास नव्हतं, इंग्रजी नव्हतं, बाकावर कोणी हसणारं नव्हतं. देव भेटला वगैरे मी म्हणणार नाही, मला ते लिहिता येणार नाही. पण कितीतरी दिवसांनी मला असं वाटलं की एखादी गोष्ट माझ्यावर सोपवली आहे आणि ती मी करते आहे. चार वाजले. आबा आले नाहीत. साडेचारला मेहकरची गाडी मंदिरासमोरून गेली, तिचा हॉर्न मी आतून ऐकला. माझी पिशवी खांबाजवळ होती आणि मी वीणा घेऊन उभी होते.

उन्हं पायरीवर आली तेव्हा आबा आले, अगदी सावकाश. पाय धुतले, समोर येऊन उभे राहिले, आणि मला काही कळायच्या आत वाकून माझ्या पायांना हात लावला. मी दचकून मागे सरकले तर वीणेचा भोपळा खांबावर आदळला, तारा झणकारल्या.

"मागं नको सरकू वं, भोपळा फुटन," आबा म्हणाले. "वीणा घेताना ज्यानं ती धरून ठेवली त्याच्या पाया पडा लागते. तो लहान असो का मोठा. तू बी पडाचं माह्या."

माझ्या पाया कोणी पडण्याची ती पहिली वेळ. आणि पडलं कोण, तर माझ्या आजोबांच्या वयाचा माणूस. मी वाकले तेव्हा मला वर पाहवेना.

"आबा, गाडी गेली," मी म्हणाले.

"हाव. माह्या समोरूनच गेली. हात दाखवला असता त थांबली असती."

"मग का नाही दाखवला?"

"जन्मभर लोकाईले गाडीत बसवलं. एखादीले उतरवाची हौस होती." मग तार छेडत, माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "हात दुखला?"

"दुखला."

"मंग ठेवली काऊन नाई खाली?"

"तुम्ही ठेवायची नाही म्हणाले होते."

"आन मी आलोच नसतो त?"

मी विचार केला. "कोणाला तरी हाक मारली असती."

"हं," आबा म्हणाले. "मंग कॉलेजात काऊन नाई मारत?"

बस, एवढंच. त्यांनी मला त्या दिवशी दुसरं काहीही सांगितलं नाही, शिक्षणाचं महत्त्व नाही, आईबापाचं स्वप्न नाही. संध्याकाळी आरती झाल्यावर वाटी हातात घेऊन त्यांनी नेहमीचं विचारलं, कोणाचं काही राह्यलं काय, आणि मी म्हणाले, "माह्यं राह्यलं." कॉलेजात दाबून ठेवलेली बोली आपोआप तोंडातून बाहेर आली. कोणी हसलं नाही. शेवटच्या वर्षाला असलेल्या संदीपदादाने फक्त विचारलं, काय राह्यलं. मी म्हणाले, सगळंच. तो म्हणाला, मंग पहिल्या पानापासून करू, वऱ्हाडीतच करू. दुसऱ्या दिवशी त्याने मंडपात बसून मला टॉर्क शिकवला. ट्रॅक्टरचा नट खोलायला लांब पाना घेतला की जोर कमी लागते, तेवढंच हे, म्हणाला. मी पुस्तकातली ती इंग्रजी ओळ पुन्हा वाचली आणि ती ओळ मला समजली. मी ती दोनदा, तीनदा वाचली... समजलेलीच राहिली.

माझ्या गळ्यात वीणा घातल्याचं सगळीकडे कळायला वेळ लागला नाही. मंदिराचे अध्यक्ष पुंडलिकराव, मार्केटातले मोठे अडत्ये. ते आणि आबा एका शाळेतले, त्यामुळे लोकांसमोर "नारायणराव" आणि "पुंडलिकराव" आणि दोघंच असले की "नाऱ्या" आणि "पुंडल्या". दुसऱ्या दिवशी दुपारी मी पुन्हा पहाऱ्याला उभी असताना ते मंडपात आले आणि माझ्यासमोरच आबांना म्हणाले, "नारायणराव, पोरीच्या गळ्यात वीणा? काऊन, चिखलीत माणसं सरले काय?"

"दुपारी सरतात," आबा म्हणाले. "तुमीच या ना. मी मांगच्या साली तुमाले पहाऱ्यावर बलावलं त तुमी गादीवर घोरत होते. मी सोता पायलं."

"बाईमाणसाची काही अडचण असते..."

"अडचण असन त ती येणार नाई, दुसरी येईन. तिले तेवढी अक्कल हाय. तुमच्या पोराले अडचण नाई, तरी तो येते काय?"

माझे कान तापले होते, मी डोळे मिटून नाम घेत राहिले. पुंडलिकराव पुटपुटत निघून गेले. त्यांनी पहारा बंद केला नाही, पण त्यानंतर दोन वर्षं ते माझ्याशी कधी बोलले नाहीत. त्या वर्षीपासून दुपारचा पहारा आम्हा कॉलेजच्या पोरापोरींचा झाला. दुसऱ्या पोरी इतर दुपारी धरायच्या, आणि सप्ताहाच्या पहिल्या व शेवटच्या दुपारी मी. आणि मुलीचा पहारा संपला की पुढचा पहारा नेहमी आबांचाच असायचा. मला ते योगायोगाने होतं असं वाटायचं. पुढे संदीपदादाने सांगितलं तेव्हा कळलं. वीणा घेताना पुढच्याने आधीच्याच्या पाया पडायचं असतं, आणि पोरीच्या पाया पडायला बरेच बाप्ये तयार नव्हते. त्यावर वाद घालत बसण्यापेक्षा आबांनी आपला पहारा आमच्या पाठीला लावून घेतला. दरवेळी ते स्वतः वाकायचे. कोणाला कधी बोलले नाहीत. आज हे लिहिताना मला रडू येत नाही, अभिमान वाटतो. आमच्यासाठी एक माणूस दोन वर्षं गुपचूप वाकत राहिला आणि आम्हाला आपण कोणीतरी आहोत असं वाटू लागलं.

आबा प्रवचन करत नसत. परीक्षेच्या सकाळी पोरं देवाच्या पाया पडायला यायची तेव्हा ते अंगारा लावायच्या आधी विचारायचे, पेन दोन घेतले काय. पोलीस भरतीची तयारी करणारा एक मुलगा दोनदा मागे पडला होता. तो चिडून म्हणाला, "आबा, देव पास करन काय?" आबा म्हणाले, "देव पास करत नाई बे. देव बसू देते. पास तू होजो." तो मुलगा त्यानंतर कितीतरी दिवस काहीही न करता नुसता मंडपात येऊन बसायचा. आबा त्याला काही विचारायचे नाहीत, फक्त निरांजनाच्या वाती वळायला कापूस पुढे सरकवायचे. तो भरती झाला की नाही, हे मला माहीत नाही. पण तो पुन्हा पहाटे पळायला जाऊ लागला, एवढं मी पाहिलंय. एकदा प्रज्ञाने त्यांना धीर करून विचारलं, आबा, तुम्हाला खरंच वाटतं का, देव आहे? त्यांनी बराच विचार केला. मग म्हणाले, "मले काय मालूम बाई. एवढ्या वर्षांत गाडीचा मालक मी कधी पायला नाई. गाडी मात्र रोज निघाली." प्रज्ञा म्हणाली, हे उत्तर झालं नाही. आबा म्हणाले, "हाव, नाईच झालं," आणि हसले. मला वाटतं, म्हणूनच प्रज्ञा येत राहिली.

तर त्या दिवशी मी उभी होते. उन्हं पहिल्या पायरीवर आली. आता मी हसत नव्हते. नाम घेताना आवाज फुटत होता, तरी थांबवलं नाही. मारायची हाक, पण कोणाला? रस्त्यावरून लोक त्यांच्या घराकडे जाताना दिसत होते. प्रज्ञाने संदीपदादाला फोन केला असेल, पण तो आता बुलढाण्याला नोकरीला, यायला वेळ लागणार. मी हिशेब केला की आबांना नेण्याआधी मला काही सुटका नाही, आणि मग मी हिशेब करणं सोडून दिलं. मनाशी म्हटलं, आबा, तुम्ही पुन्हा गाडी चुकवली माझी.

नळाचा आवाज आला. कोणीतरी पाय धूत होतं. मी मान वळवली तर पुंडलिकराव. लिलावातूनच उठून आलेले, सदऱ्यावर सोयाबीनचा भुसा तसाच. मित्राच्या घरी न जाता आधी इकडे आले होते. पायरीपाशी थांबून त्यांनी प्रज्ञाच्या उलट्या पडलेल्या चपलांकडे पाहिलं... घाईत ती त्या तशाच टाकून अनवाणी धावली होती. पुंडलिकरावांनी खाली वाकून त्या सरळ केल्या आणि रांगेत लावल्या. मग माझ्यासमोर येऊन उभे राहिले. आणि वाकले. गुडघ्याला हात देऊन, सावकाश, पार खालपर्यंत. माझ्या पायांना हात लावून तो कपाळाला लावला.

मी मागे सरकले नाही.

मग मी त्यांच्या पाया पडले, पट्टा डोक्यावरून काढला आणि वीणा त्यांच्या गळ्यात घातली. पट्टा त्यांना आखूड होत होता, तो मी सैल करून दिला. ते म्हणाले, "जाय. पाहून ये त्याले. मी हाय इथं."

मी म्हणाले, "काका, तुम्ही? तुम्हाला जायचं असेल."

"मी त्याले सत्तर वर्षं पायलं," ते म्हणाले. "पहारा त्याचा हाय. रिकामा कसा ठेवू?"

मी पळत गेले. आबा टोपी घालून होते. पाय स्वच्छ धुतलेले, टाचांच्या भेगा दिसत होत्या. मी वाकले आणि नमस्कार केला, वीणा घेताना करतात तसाच. बाहेर अंगणात कॉलेजची पोरं भिंतीला लागून उभी होती. कितीतरी जुनी, शिकून गेलेलीही आली होती, कोणी मेहकरहून, कोणी नांदुऱ्याकडच्या वडनेर भोलजीहून मोटरसायकलवर. आत बायांची दाटी झाली तेव्हा दारातल्या कोणाला तरी संदीपदादा म्हणाला, "आत सरका, जागा हाय," आणि म्हणून झाल्यावर तो अंगणाच्या कडेला जाऊन पाठमोरा उभा राहिला.

आबांना नेलं तेव्हा पुंडलिकराव मंदिरात उभे होते. अंत्ययात्रा मंदिरासमोरून गेली. लोक सांगतात, ते दारापर्यंत आले, तार छेडत राहिले आणि तिरडी वळणापलीकडे जाईपर्यंत आत गेले नाहीत. संदीपदादा परत येऊन त्यांना म्हणाला, काका, द्या मी धरतो. ते म्हणाले, "हा नारायणचा पहारा हाय. पुरा होऊ दे." पुढचे सगळे पहारे, काल्यापर्यंत, आम्ही विद्यार्थ्यांनी धरले. जाणती माणसं आली, टाळ घेऊन सोबत उभी राहिली, पण वीणा आमच्याकडे राहिली. जुन्या पोरांनी रजा काढल्या. एका दुपारी प्रज्ञाही उभी राहिली. तिने नाम घेतलं नाही, नुसती तार छेडली, आणि तिच्यानंतर वीणा घ्यायला जो आला तो न सांगता वाकला. त्यानंतर पोरींच्या पाठचा पहारा कोणाला मुद्दाम लावून घ्यावा लागला नाही. वीणा त्या आठवड्यात एकदाही जमिनीला टेकली नाही. याचा आम्हाला सगळ्यांना अभिमान आहे, आणि तो मी लपवत नाही.

आता काही आठवडे झाले. वीणा खोळ घालून मंडपातल्या खुंटीला टांगलेली आहे. पायरीवर चपला रांगेत असतात. संध्याकाळची आरती होते, आणि प्रसादाची वाटी आता पुंडलिकराव हातात घेतात. पण सप्ताह संपल्यावरच्या पहिल्या संध्याकाळी आरती संपली, त्यांनी वाटी उचलली आणि ते थांबले. आम्हीही थांबलो. ती जागा आबांच्या प्रश्नाची होती. पुंडलिकरावांनी तोंड उघडलं, पण त्यांना ते विचारता येईना. आम्हालाही कोणाला विचारता येईना. मी शेवटच्या वर्षाची, मीच विचारायला हवं होतं, असं सगळे माझ्याकडे बघत होते. पण माझ्या तोंडून त्यांचे शब्द निघेनात. कोणी हातही पुढे केला नाही. पंख्याचा आवाज येत होता, बाहेरून मेहकरची गाडी गेली.

खांबामागे अंकिता उभी होती. पहिल्या वर्षाची, आमच्यासारखीच आडगावची, पावसाळ्यापासून रोज येणारी आणि तोवर एक शब्द न बोललेली. कोणी काही विचारलेलं नसताना ती खाली बघत, अगदी हळू म्हणाली,

"माह्यं राह्यलं."

पुंडलिकरावांनी वाटी परत देवापुढे ठेवली. आम्ही सगळे प्रसाद न घेता खाली बसलो.